मक्याच्या भ्रूणपोषाच्या स्लाइड्सचा संच: कोवळा दाणा चोख, पिकलेला फसलेला

भ्रूणपोष म्हणजे दाण्यातला गर्भाला पोसणारा साठ्याचा भाग. त्याचे परागणानंतरच्या २, ४, ८, १२, १६, २४ आणि ४० व्या दिवसाचे काप, अशा सात स्लाइड्स. सगळ्या सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीनने रंगवलेल्या.

पहिल्या दोन स्लाइड्ससाठीच हा संच घ्यावा. दुसऱ्या दिवशी केंद्रकं नुसती विभागत सुटलेली असतात, मध्ये भिंत म्हणून नाहीच. मोठ्या रिक्तिकेच्या कडेने पेशीद्रव्याचा पातळ पट्टा आणि त्यात ती अंतर राखून बसलेली, हे इथे स्वच्छ दिसतं. चौथ्या दिवशी तीच जागा भिंतींनी भरून निघालेली. दोन्ही स्लाइड्स शेजारी ठेवून आलटून पालटून बघाव्यात.

आठव्या दिवसाचा काप मात्र चुकलाय. या वयात देठाकडच्या पेशींच्या भिंतींना आतून कंगव्यासारखे दाते फुटतात. साखर याच थरातून आत येते. त्यासाठी काप देठाच्या बरोबर मधून उभा जायला हवा. इथे तो कडेला सरकलाय, त्यामुळे थर अर्धाच सापडतो. बाराव्या दिवशी स्टार्चचे कण आणि मधल्या पेशींची फुगलेली केंद्रकं दोन्ही ठळक आहेत. ही केंद्रकं विभागत नाहीत, आतला डीएनए तेवढा दुप्पट-चौपट होत जातो.

खरी तक्रार शेवटच्या दोन स्लाइड्सची. कापात पांढरी भोकं आहेत. काप घेण्याआधी दाणा मेणात बसवतात, पण गच्च स्टार्चमध्ये मेण मुरत नाही आणि पातं लागताच काप चुरतो. इथे रेझिनच हवं होतं. नवखा विद्यार्थी ही भोकंच खरी मानेल. प्रत्यक्षात साधारण सोळाव्या दिवसापासून मधल्या पेशी मरू लागतात, पण स्टार्चसकट जागीच राहतात. जिवंत उरतो तो अल्यूरोन, म्हणजे भ्रूणपोषाचा बाहेरचा एकपदरी थर, आणि दाणा रुजताना स्टार्च फोडणारी विकरं तो सोडतो. ही जिवंत-मृत सीमा या रंगांनी कळतच नाही.

म्हणून जोडीला टेट्राझोलियम चाचणी करावी; हे रसायन जिवंत पेशींत लाल होतं. पिकलेला दाणा रात्रभर भिजवायचा, गर्भाच्या मधून उभा चिरायचा आणि ०.१ टक्का द्रावणात ३५ अंशांवर दोन तास अंधारात ठेवायचा. गर्भ लाल होतो, कडेला अल्यूरोनची बारीक लाल रेघ उमटते, मधला गर पांढराच राहतो. गर्भही पांढरा राहिला तर दाणा मेलेला आहे; दुसरा घ्यावा.