सर्दीत जेवेना म्हणून घेतलेली नाक साफ करायची नळी

नातू एकोणीस महिन्यांचा. सून हिंजवडीला, मुलगा खराडीला, त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत तो माझ्याकडे, कर्वेनगरला. मागच्या महिन्यात पुण्यात पहाटे गारठा नि दुपारी चटका असं सुरू झालं आणि त्याला सर्दी धरली. नाक वाहत होतं त्याचं मला फार नव्हतं, दोन पोरं वाढवली आहेत. पण त्याचं जेवण बघून मात्र जीव तुटायचा.

एरवी वाटीभर खिमट आणि वर मेतकूट-भाताचे चार घास खाणारं पोर. आता पहिला घास हौसेने घ्यायचा, चावायला तोंड मिटलं की गुदमरायचा. मग घास जिभेवर तसाच ठेवून तोंड उघडायचा, श्वास घ्यायचा आणि घास हनुवटीवरून खाली. तिसऱ्या घासाला खोकला, खोकल्यासरशी सगळं उलटून माझ्या अंगावर. मला वाटलं तोंडाला चव नाही. म्हणून वरणाचं पाणी करून बघितलं, नाचणीची पेज केली, भातावर तूप-लिंबू घातलं. एकदा तर रागावलेसुद्धा त्याला. ते अजून मनातून जात नाही, कारण चूक त्याची नव्हतीच.

बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आजी, भूक आहे त्याला. श्वास आणि घास एकदम जमत नाहीये. आधी नाक मोकळं करा, मग वाढा. आणि वास येत नाही म्हणून चवही लागत नाही, तेव्हा पदार्थ बदलत बसू नका." त्यांनीच सलाईनचे थेंब आणि ही नळी आणायला सांगितली.

नळी साधीच आहे. एका टोकाला बोथट तोटी, ती बाळाच्या नाकपुडीशी टेकवायची, आत खुपसायची नाही. मधे पारदर्शक कुपी आणि स्पंजचा फिल्टर, मग लांब लवचिक नळी, आणि दुसरं टोक आपल्या तोंडात. आपण ओढायचं. ऐकून पुष्कळजण तोंड वाकडं करतात. माझी आजी नातवंडांचं नाक सरळ तोंड लावून ओढायची आणि थुंकून टाकायची, त्यामुळे मला काही किळस आली नाही. इथे तर फिल्टरमुळे शेंबूड कुपीतच राहतो. आठवडाभरात एकदाही वर आला नाही. जोर आपल्या हातात, म्हणजे आपल्या श्वासात राहतो, हे मला सगळ्यात आवडलं. साडेचारशे रुपये पडले, दहा फिल्टरसकट.

आधी रबरी फुग्याचा पंप होता घरात. तो टाकून दिला. ओढ कमी, आणि आत काय साचलंय ते दिसत नाही. कापून बघितला तर आतून काळी बुरशी.

आमची पद्धत आता अशी बसली आहे. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब सलाईन, मिनिटभर थांबायचं, मग ओढायचं. थेंबांशिवाय ओढलं तर घट्ट शेंबूड हलत नाही, नुसतं पोर रडतं. थेंब मेडिकलचेच आणले, घरी मीठपाणी केलं नाही. जेवणानंतर हा उद्योग अजिबात नको, उलटी होते. दिवसातून तीन-चार वेळांच्या वर ओढू नका, आतली त्वचा सुजते. रडारड होतेच. मी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते आणि चिऊ-काऊ म्हणत उरकते.

पहिल्या दिवशी दुपारी नाक काढलं, वीस मिनिटांनी मऊ भात पुढे केला. तोंड मिटून चावला त्याने. गिळला. मग "मम" म्हणून वाटीच ओढली. पूर्ण नाही, अर्धी वाटी खाल्ली, पण सुनेला ऑफिसात फोन करून सांगितलं मी. ती म्हणाली, "आई, खरंच?" आणि गप्प झाली. रडली असावी.

ही नळी सर्दी बरी करत नाही, हे लक्षात असू द्या. सर्दीने तिचे सात-आठ दिवस घेतलेच.

आता तक्रारी. नळी लांब आणि बारीक असल्याने धुतल्यावर आतून लवकर वाळत नाही, गॅलरीत उन्हात टांगून ठेवावी लागते. कागदावरच्या सूचना फक्त इंग्रजीत, नाती-नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांनी काय करायचं? आणि जिथून घेतली, त्या मेडिकलवाल्याने वय न विचारताच सर्दीचं सिरप पुढे केलं. क्लोरफेनिरामाईन आणि फेनिलेफ्रीनच्या त्या मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायचा आदेश सरकारने डिसेंबर 2023 मध्येच काढला आहे. मी बाटली परत केली. नाकात तेल घालायचं आणि कापूर हुंगवायचा, हेही डॉक्टरांनी बंद करायला लावलं. ओव्याची पुरचुंडी तेवढी खोलीत राहू दिली. मध एक वर्षाच्या आत मुळीच नाही, आमचा मोठा आहे म्हणून रात्री अर्धा चमचा.

एक काळजी मात्र मी रोज घेत होते. तो शांत झोपला की घड्याळ लावून श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाला मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त लागत असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर नळी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

फिल्टर प्रत्येक वेळी बदलायचा असतो, त्यामुळे दहा फिल्टर तीन दिवसांत संपले. सुटे चार दुकानांत विचारून मिळाले. घेणार असाल तर नळीबरोबरच एक जादा पाकीट घ्या.