पेप्टाइडच्या नावाखाली ६८,४४० रुपयांना फसवलं. लॅबवाल्यांनो, सावध राहा

६८,४४० रुपये गेले. एलएल-३७ आणि मेलिटिन या जिवाणू मारणाऱ्या दोन पेप्टाइडचे (म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे) ४९,५००, ‘ड्राय आइस पॅकिंग’चे ८,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. कंटिन्जन्सीचं (संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठीच्या अनुदानाचं) बिल लवकर निघत नाही म्हणून खिशातून भरले. नागपुरात पीएचडी करणारे सगळेच असं करतात.

ऐन मे महिन्यात खोका आला. आत नुसते कोमट जेल पॅक. फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, लायोफिलाइज्ड माल आहे, चार दिवस बाहेर राहिला तरी काही होत नाही.’ ते खरंच आहे, लायोफिलाइज्ड म्हणजे गोठवून सुकवलेली कोरडी पावडर प्रवास सोसते. मग ८,५०० कशाचे घेतले?

त्याच क्षणी दोन्ही पेप्टाइडची शुद्धतेची सर्टिफिकेटं शेजारी ठेवली असती तर! एलएल-३७ मध्ये ३७ अमिनो आम्लं, मेलिटिनमध्ये २६. म्हणजे रेणू वेगळे. तरी दोन्ही एचपीएलसी (घटक वेगळे करून शुद्धता बघायची चाचणी) आलेखांत पीक ११.४२ मिनिटांनाच, उजवीकडचा बारीक उंचवटासुद्धा तोच. एकच चित्र दोनदा डकवलेलं! पण लॉट नंबर वेगळे, शिक्का, सही, ९८ टक्के शुद्धता सगळं जागेवर. कोण आलेखावर आलेख ठेवून बघतं?

मी कुप्या उणे २० अंशांत, सिलिका जेलसोबत ठेवल्या. ओल धरू नये म्हणून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडल्या. तरी जिवाणू मरेनात. गाइडनी माझ्याच हाताला दोष दिला. शेवटी मास स्पेक (रेणूचं वस्तुमान मोजणारी चाचणी) केलं. एलएल-३७ चं वस्तुमान सुमारे ४,४९३ डाल्टन हवं. तिथे काहीच नाही. मेलिटिनचीही तीच गत.

पोलीस ठाण्यात विचारलं, ‘जिमची प्रोटीन पावडर का?’ मग, ‘पार्सल मिळालं ना? हा दिवाणी वाद आहे.’ बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर ‘संशोधनासाठी म्हणजे व्यावसायिक वापर’. अहो, मी विकणार होते का ते? मास स्पेकचा आलेख समोर ठेवला, कोणी हातातही घेतला नाही. विक्रेत्याचा फोन बंद, आणि मला सांगतात त्याच्याशी बोलून मिटवा!

जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळवा. खातं व्यक्तीच्या नावावर असेल तर एक रुपयाही पाठवू नका. त्याच लॉटचा मूळ मास स्पेक्ट्रम आधी मागा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं. आणि सगळ्या कुप्या वापरून टाकू नका, एक सीलबंद ठेवा. माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढीच उरली आहे.

दोन्ही पीडीएफ माझ्याकडे आहेत. कुणाला आपल्या सर्टिफिकेटशी ताडून बघायच्या असतील तर मागा, पाठवते.