बातमीची वेबसाइट: जाहिरातींवर की वर्गणीवर?

हिवाळी अधिवेशन संपलं, मुंबईचे पत्रकार परतले की नाग नदीच्या सांडपाण्याचा, अंबाझरीच्या पुराचा पाठपुरावा करायला नागपुरात कुणीतरी हवं. स्वतंत्र वेबसाइट काढावी, तर पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो.

जाहिरातींची वाट सुरुवातीला सोपी. वाचायला फुकट, म्हणून वाचक भराभर वाढतात. पण कमाई क्लिकवर मोजली जाते आणि वाचक आणणारी दारं फेसबुक-गूगलच्या हातात. मुख्यतः जाहिरातींवर चालणाऱ्या बझफीड न्यूज या अमेरिकी वेबसाइटला 2021 मध्ये पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. 2023 मध्ये ती बंद झाली. हे उदाहरण मला फार लागतं, कारण काम उत्तम होतं. आपल्या शहरात तर आणखी पेच: जाहिरात देणारा बिल्डर, आणि बातमी त्याच्याच अनधिकृत लेआउटची. अशी बातमी बहुतेकदा ‘उद्या बघू’वर जाते.

वर्गणीची वाट संथ. फ्रान्सचं मीडियापार्ट 2008 साली जाहिरातींविना सुरू झालं, अजूनही वाचकांच्या पैशावर उभं आहे. भारतात न्यूजलाँड्रीने हाच मार्ग धरला. यात उणीव आहेच: ज्याला पैसे परवडत नाहीत, त्याला बातमी मिळत नाही. म्हणून पाणी, पूर, दवाखान्यांच्या बातम्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात.

माझा कौल वर्गणीलाच. दरमहा 100 रुपये देणारे 500 वाचक म्हणजे 50,000 रुपये. एवढ्यात एक बातमीदार आणि सर्व्हरचा खर्च निघू शकतो, आणि तो बातमीदार त्या लेआउटची फाइल निर्धास्तपणे मागू शकतो.