डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर: कुठे पैसे वसूल, कुठे वाया

किराणा दुकानात कपडे धुण्याच्या पावडरीशेजारी आता डाग काढायची वेगळी पावडर मांडलेली असते. व्हॅनिश हे त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव. त्याच जातीच्या इतरही पावडरी मिळतात, आणि या पावडरींतला मुख्य घटक म्हणजे सोडियम परकार्बोनेट, तेही ऑनलाइन नुसतं, किलोच्या हिशेबाने मिळतं. मत आधीच सांगून टाकतो: चहा, फळं, घाम, सांडलेलं बिनतेलाचं जेवण यांच्यावर ही पावडर उत्तम चालते, तेलावर जवळपास काहीच करत नाही, गंजावर मुळीच नाही, आणि रेशीम-लोकरीच्या तर जवळही नेऊ नये. थंड पाण्याच्या बादलीत कपडे दहा मिनिटं भिजवून लगेच घासायची घरातली रीत बदलणार नसेल, तर घेऊच नका. त्या रीतीत ही पावडर साध्या डिटर्जंटपेक्षा फारसं वेगळं काही करत नाही.

असं का, ते समजलं की वापर आपोआप सुधारतो. परकार्बोनेट पाण्यात पडलं की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटे होतात. सोडा मळ सैल करतो आणि पेरॉक्साइड डागातला रंग तोडतो. म्हणजे डाग कपड्यातून निघून जातो असं नाही, पुष्कळदा तो तिथेच बेरंग होतो आणि मग धुऊन निघतो. हे तोडायचं काम थंड पाण्यात फार संथ चालतं आणि ४० ते ६० अंशांना जोरात. नावाजलेल्या पावडरींत बहुधा टीएईडी नावाचा आणखी एक घटक असतो, तो कमी तापमानालाही कामाला सुरुवात करून देतो. जोडीला प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स असतात. ऑनलाइन मिळणाऱ्या साध्या परकार्बोनेटमध्ये हे दोन्ही नसतं, म्हणून ते स्वस्त. पाणी खरोखर गरम ठेवणार असाल आणि सोबत चांगला डिटर्जंट घालणार असाल, तर पांढऱ्या सुती कपड्यांना स्वस्त पर्याय पुरतो. ब्रँडचे जादा पैसे कोमट पाण्यात धुणाऱ्यांना परवडतात.

प्रमाणात सगळ्यात मोठी चूक बादलीची होते. भरलेल्या बादलीत एक चमचा टाकायचा आणि मग पावडर बोगस म्हणायचं. बादली बाजूला ठेवा, प्लास्टिकचा छोटा टब घ्या. चार लिटर पाण्याला दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पावडर. पॅकवरचं माप वेगळं असेल तर ते पाळा. पाणी मोजायला थर्मामीटर लागत नाही: एक लिटर उकळतं पाणी आणि तीन लिटर नळाचं एकत्र केलं की उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास आणि थंडीत ४० च्या आसपास पाणी तयार होतं. पावडर आधी पूर्ण विरघळवायची, मगच कपडा घालायचा. न विरघळलेले दाणे रंगीत कपड्यावर बसले तर तिथेच फिके ठिपके पडतात. रंगीत कपडा फार तर एक तास, पांढरा सहा तासांपर्यंत. रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही, कारण पाणी निवतं आणि पेरॉक्साइड संपून जातं. त्याच कारणाने कालचं उरलेलं पाणी आज वापरण्यात अर्थ नाही. आणि ते द्रावण बाटलीत भरून झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. हातात रबरी मोजे हवेत, सोडा आणि पेरॉक्साइड दोघंही कातडी कोरडी करतात.

लोखंडी बादली, तांब्या-पितळेचं घंगाळ अजिबात नको. या धातूंमुळे पेरॉक्साइड झपाट्याने फुटतं. कपड्याला गंजलेला हूक किंवा बटण असेल तर नेमक्या त्या जागी धागा कमजोर होऊन भोक पडू शकतं. ब्लाउजचे हूक आधी तपासा.

मशीनमध्ये वापरताना पावडर डिटर्जंटसोबत थेट ड्रममध्ये घालावी. फ्रंट लोडला हीटर असतो, ४० अंशांचा तासाभराचा प्रोग्रॅम निवडा. पंधरा मिनिटांच्या झटपट धुलाईत ही पावडर म्हणजे निव्वळ नासाडी. हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये मगभर गरम पाण्यात विरघळवून ओता, थोडा वेळ फिरवा आणि मशीन तासभर थांबवून ठेवा.

आता डागांकडे. चहा ही या पावडरीची हक्काची जागा. आपल्या चहात तीन गोष्टी असतात: चहाचं टॅनिन, दुधाचं प्रथिन आणि थोडी साय. सांडल्याबरोबर कपडा उलटा करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा. वरून चोळलं तर डाग धाग्यात खोल जातो. पहिल्यांदाच कढत पाणी ओतलं तर दुधातलं प्रथिन तिथेच बसतं. साबणाची वडी घासू नका: खरा साबण टॅनिनचा डाग आणखी पक्का करतो, डिटर्जंट चालतो. मग वर सांगितल्याप्रमाणे टबात एक तास. ताजा डाग एका खेपेत जातो, जुन्याला दोन लागतात. धुतल्यावर डाग गेल्याची खात्री न करता इस्त्री फिरवली, तर मात्र सगळं कठीण होऊन बसतं. कॉफी, जांभूळ, कोकम, डाळिंब यांनाही हीच रीत. जांभूळ-कोकमाचा डाग सोड्याच्या पाण्यात आधी निळसर-हिरवट होतो, ते बघून कपडा बाहेर काढू नका. रंग पुढे आपोआप मावळतो.

हळदीच्या बाबतीत जाहिराती आणि वास्तव यांत बरंच अंतर आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. वर ते पाण्याचा आम्ल-अल्क बघून रंग बदलतं. साबण लागला की पिवळा डाग लाल होतो तो यामुळेच. परकार्बोनेटचं पाणी तर साबणापेक्षाही जास्त अल्कधर्मी, त्यामुळे डाग क्षणात विटकरी लाल दिसतो आणि पावडरीने कपडा खराब केला असा समज होतो. खराब काही झालेलं नसतं. खळबळून धुऊन शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की लाली परत पिवळी होते. मुळात अल्कधर्मी पाण्यात कर्क्युमिन तसंही फार टिकत नाही, म्हणून घाबरून पाणी फेकण्यापेक्षा कपडा टबातच राहू द्यावा.

तरी सुती कपड्यावर फिकट पिवळी झाक उरतेच. तिला पावडरीचा दुसरा डोस घालू नका, ऊन द्या. कर्क्युमिन उन्हात तुटतं. कपडा ओला करून डागाची बाजू वर ठेवून थेट उन्हात वाळवा, दोन-तीन दिवस हेच करा. हळदीच्या दिवशीचे पांढरे कुर्ते आणि सदरे यानेच स्वच्छ होतात, आणि ऊन फुकट आहे. अडचण पावसाळ्याची आणि उन्हाची बाजूच नसलेल्या फ्लॅटची. तिथे द्रव स्वरूपातला ऑक्सिजन ब्लीच बरा, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार असतं आणि ते अल्कधर्मी नसल्याने लालीचा गोंधळ होत नाही. डागावर ओता, पाच-दहा मिनिटांत धुऊन टाका, कपड्यावर वाळू मात्र देऊ नका. रंगीत कपड्याला ऊनही जपून, कारण डागासोबत कपड्याचा रंगही उडतो.

मिसळीचा कट किंवा तांबडा रस्सा सांडला तर नुसत्या पावडरीवर विसंबून चालणार नाही. तर्रीत मिरचीचा लाल रंग आणि हळद दोन्ही तेलात विरघळलेले असतात. तेल जागेवर असेपर्यंत पाण्यातलं पेरॉक्साइड रंगापर्यंत पोचतच नाही. क्रम असा: आधी चमच्याच्या कडेने वरचा ऐवज खरवडून घ्या. टाल्कम पावडर किंवा मक्याचं पीठ भुरभुरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तेल शोषलं जातं, मग झटका. नंतर कोरड्या कपड्यावरच भांडी घासायचं लिक्विड चार थेंब टाकून बोटाने हलकेच चोळा आणि दहा मिनिटं थांबा. कपडा आधी ओला केला तर लिक्विड पातळ होऊन तेलाला नीट धरत नाही. कोमट पाण्याने धुवा, बोटाला बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत हेच करा. त्यानंतरच पावडरीचा टब, आणि सर्वांत शेवटी ऊन, कारण मिरचीचा रंगही उन्हात विरतो. पॉलिस्टर तेल घट्ट धरून ठेवतं, म्हणून टी-शर्ट आणि मुलांच्या युनिफॉर्मना लिक्विडची पायरी दोनदा करावी लागते.

पुष्कळ घरांत या पावडरीची स्पर्धा आहे ती रिन आलाशी. दोन्ही डाग घालवतात म्हणून एकाच जातीची समजली जातात, तशी ती नाहीत. आलामध्ये सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे क्लोरीनवाला ब्लीच आहे. पांढऱ्या सुती कपड्यावर तो या पावडरीपेक्षा वेगवान, थंड पाण्यातही चालतो आणि हळदीची पिवळी झाकही काढतो. पांढरे पंचे, चादरी, किचनचे टॉवेल यांना तोच घ्यावा. पण रंगीत कपड्याचा रंग तो डागासकट नेतो, लायक्रा असलेला कपडा पिवळा आणि ढिला करतो, सुरकुत्या न पडणाऱ्या काही फॉर्मल शर्टांनाही कायमची पिवळट छटा आणतो. शिवाय दर धुण्याला वापरला तर सुती धागा लवकर झिजतो. रंगीत आणि मिश्र धाग्यांच्या कपड्यांना म्हणूनच ऑक्सिजनवाली पावडर.

डबल जोर यावा म्हणून दोन्ही एकत्र टाकणारे आहेत. क्लोरीन ब्लीच आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवतात, फेस येतो, ऑक्सिजन उडून जातो आणि टबात थोडं मीठपाणी उरतं. पैसे दोन्हींचे गेले. त्याहून गंभीर म्हणजे आला आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र येणं: त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हळदीची लाली घालवायला व्हिनेगर वापरणार असाल, तर त्या पाण्याजवळ आलाची बाटली आणू नका.

बाकीचे डाग थोडक्यात. रक्ताला आधी फक्त थंड पाणी, अर्धा तास. मग औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड समभाग पाण्यात मिसळून पांढऱ्या कपड्यावर थेंब थेंब सोडा. पावडर त्यानंतर आणि कोमट पाण्यात. काखेतल्या पिवळ्या डागांत डिओडरंटमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचा वाटा असतो: व्हिनेगर-पाणी समप्रमाणात अर्धा तास, खळबळून धुणं, मग पावडर. इथे आला वापरलात तर पिवळेपणा वाढेल. बॉलपेनची शाई पावडरीला दाद देत नाही. खाली टिश्यू ठेवून सॅनिटायझर किंवा स्पिरिटने टिपत राहा, टिश्यू बदलत राहा. जेल पेनची गत त्याहून वाईट. गंजाच्या डागाला कुठलाही ब्लीच नको, लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. पानाच्या पिचकारीतला कात आणि केळीचा वाळून काळा पडलेला चीक यांच्यापुढे पावडरीकडून बेताची अपेक्षा ठेवा. पांढऱ्या कपड्यावर दोन-तीन खेपांत फिके होतात, समूळ क्वचितच जातात. नीळ वापरून पिवळेपणा गेल्यासारखा वाटतो, पण ती फक्त झाकते.

पैठणी, टसर, शाल, लोकरीचा स्वेटर यांना ही पावडर लावू नका. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनच. पावडरीतली एन्झाइम्स आणि सोडा डाग व धागा असा भेद करत नाहीत, जरही काळवंडते. असा कपडा ड्रायक्लीनरकडे देताना डाग कशाचा, किती दिवसांचा आणि घरी त्यावर काय काय लावून झालं, हे सांगा. अजरक, कलमकारी, नैसर्गिक निळीचे कपडे यांनाही पावडर टाळावी. इतर रंगीत कपड्यांची परीक्षा आतल्या शिवणीवर: पावडरीची पातळ पेस्ट लावा, दहा मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबा. रंग फडक्यावर आला तर तो कपडा पावडरीचा नाही.

घ्यायचीच असेल तर छोटं पॅक घ्या, मोठ्यावरची सवलत आकर्षक असली तरी. दमट हवेत परकार्बोनेट हळूहळू ऑक्सिजन गमावतं, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पुडीतली पावडर गोळे धरते. ओला चमचा आत घालू नका. पुडी कोरड्या जागी ठेवा, तोंड दुमडून क्लिप लावा. हवाबंद काचेच्या बरणीत मात्र नको, सुटणाऱ्या वायूला वाट हवी. जुन्या पावडरीत दम आहे का ते बघायचं तर चमचाभर पावडर गरम पाण्याच्या पेल्यात टाका. बारीक बुडबुडे बराच वेळ येत राहिले तर ठीक. पाणी शांतच राहिलं तर तुमच्याकडे धुण्याचा सोडा उरला आहे, तो ओट्याखालची नाली साफ करायला वापरा.