बसवलेलं नाटक की फोरम थिएटर?
स्नेहसंमेलनाच्या नाटकात पंधरा मुलं रंगमंचावर, बाकीचा वर्ग टाळ्यांना. पाठांतर होतं, सभाधीटपणा येतो, नाही कशाला म्हणा? पण गप्प बसणाऱ्या पोराच्या वाट्याला झाडाचीच भूमिका.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात घडवलेल्या फोरम थिएटरची रीत उलटी. समजा, नाटकात मागच्या बाकावर डबा हिसकावला जातो आणि प्रसंग वाईट वळणावर संपतो. मग तोच पुन्हा सुरू. बघणाऱ्यानं ‘थांबा’ म्हणायचं, छळ सोसणाऱ्याची जागा घ्यायची, वेगळं करून बघायचं. बाईंना सांगितलं तर मधल्या सुट्टीत गाठतात, हेही तिथंच उघड होतं. सूत्रधार, म्हणजे ‘जोकर’, तयार उत्तर देत नाही. शिक्षकांना हेच जड जातं.

साठ मुलांच्या वर्गात निव्वळ गोंगाट होईल. वीस-पंचवीस असतील, तर माझा कौल फोरमलाच.