रस्त्यावरची स्पॅनिश शिकवणारं अ‍ॅप : ग्वादालाहारात सात महिने वापरल्यानंतर

नोकरीसाठी मेक्सिकोत ग्वादालाहाराला यायचं पक्कं झालं तेव्हा पुण्यातूनच या अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं. स्पॅनिश बोलीतला शब्द, त्याच्या जोडीला इंग्रजी बोलीतला शब्द आणि उच्चार ऐकायची सोय, असं त्याचं स्वरूप. सात महिने रोज वापरतेय.

उच्चार अप्रतिम आहेत. 'ओराले' हा एकच शब्द होकारार्थी, आश्चर्याने आणि 'चल, आटप' अशा अर्थाने तीन वेगळ्या सुरांत ऐकवलाय, त्याचा मला फार उपयोग झाला. 'नो मांचेस' म्हणजे 'काय सांगतेस!', हेही ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कानावर पडलं आणि लगेच कळलं.

पण कुठला शब्द कुठल्या देशातला, हे अ‍ॅप सांगतच नाही. बस पकडण्यासाठी त्यात 'कोहेर' हे क्रियापद दिलंय. माद्रिदमध्ये ते अगदी साधं. मेक्सिकोत त्याचा अर्थ शरीरसंबंध, तोही शिवराळ भाषेत. मी ते मीटिंग संपताना चार सहकाऱ्यांसमोर बोलले आणि सगळे एकदम गप्प झाले. नंतर एका मैत्रिणीने बाजूला घेऊन सांगितलं, इथे 'तोमार' म्हणायचं. बसला इथे 'कामियोन' म्हणतात, स्पेनमध्ये तो ट्रक. क्युबात बस म्हणजे 'ग्वाग्वा', आणि चिलीत 'ग्वाग्वा' म्हणजे तान्हं बाळ! पैसे घेऊन शिकवताना देशाचं नाव लिहायलाच हवं.

त्याहून मोठी उणीव म्हणजे कोणी कोणाला काय म्हणायचं, याचा पत्ताच नाही. 'वेय'चा अर्थ दिलाय 'ड्यूड', बस्स. हा शब्द 'बुएय' म्हणजे बैलावरून आलाय. आपल्याकडे कुणाला बैल म्हटलं तर भांडण होईल, इथे मित्रमैत्रिणी वाक्यागणिक म्हणतात, आपल्या 'लेका'सारखं. पण 'लेका' आपण सासऱ्यांना म्हणतो का?

माझ्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून अ‍ॅपने शिकवल्याप्रमाणे 'के?' म्हणजे 'काय?' म्हटलं. त्या हातातला टॉर्टियांचा रुमाल तसाच धरून दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मांदे." म्हणजे 'आज्ञा करा'. मोठ्यांनी हाक मारली की इथे हेच उत्तर द्यायचं. मला फार वाईट वाटलं.

'आओरिता'चं भाषांतर 'राइट नाऊ' दिलंय. गॅसवाला सकाळी दहाला फोनवर 'आओरिता' म्हणाला आणि संध्याकाळी सहाला आला. हा शब्द मला इंग्रजीतून कळलाच नसता. आपलं 'आलोच' आठवलं आणि लगेच उमगला.

स्पेनला जाणाऱ्यांनी अ‍ॅप जरूर घ्यावं. मेक्सिको, कोलंबिया, चिलीकडे येणाऱ्यांनी स्पॅनिश अकादमींच्या संघटनेचा २०१० साली निघालेला 'दिक्सिओनारियो दे अमेरिकानिस्मोस' हा अमेरिका खंडातल्या स्पॅनिश शब्दांचा कोश बघावा. इंटरनेटवर फुकट आहे आणि कुठला शब्द कुठल्या देशात चालतो ते त्यात दिलेलं असतं. मी सबस्क्रिप्शन पुढे चालू ठेवणार नाही. आता एक वही केलीय: शब्द, कोण बोललं, कोणाला. पहिल्या पानावर 'मांदे' आहे.