‘मेन बोर्ड गेला’ सांगून सोसायटीकडून घेतलेले 78 हजार

सात मजली इमारत, ऐन पावसाळ्यात लिफ्ट बंद. केबिनच्या डिस्प्लेवर आकड्याऐवजी नुसत्या रेघा, एकाही मजल्यावरचं बटण लागेना. एएमसीवाल्याचा (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीचा) माणूस पंधरा मिनिटं मशीनरूममध्ये थांबला, ‘मेन बोर्ड गेला’ म्हणाला आणि 78,000 रुपयांचं कोटेशन देऊन गेला. कमिटीने चेक दिला. नवा बोर्ड बसला, लिफ्ट चालू झाली, फक्त चौथ्या मजल्यावरचं बटण तेवढं बंद राहिलं.

दुसऱ्या मेकॅनिकने तो बटणाचा डबा उघडला तेव्हा कनेक्टर आधीच काढून ठेवलेला होता. जिना धुतल्याचं पाणी आत जाऊन पिनांवर हिरवट थर चढला होता. कमिटीने जुना मेन बोर्ड मागून घेतला होता, हे फार बरं झालं. तो परत लावला, तर लिफ्ट व्यवस्थित चालली.

हे खपतं कसं? लिफ्टला एकच मेंदू असतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आजच्या बऱ्याच लिफ्टमध्ये मशीनरूममधला मेन बोर्ड, केबिनच्या टपावरचा बोर्ड (दरवाजा, वजन आणि मजल्याची लेव्हल तो बघतो), केबिनच्या बटणांचा आणि प्रत्येक मजल्यावरचा छोटा बोर्ड, या सगळ्यांवर आपापला मायक्रोप्रोसेसर असतो. या लिफ्टमध्ये ते सगळे कॅन बसच्या (बोर्ड जिच्यावरून एकमेकांशी बोलतात त्या) एकाच दोन-तारी लाइनवर होते. काही लिफ्टमध्ये केबिनची आणि मजल्यांची लाइन वेगळी असते. एका बोर्डाने लाइन शॉर्ट केली की बाकीचे सगळे मुके होतात. इथे चौथ्या मजल्याचा कनेक्टर काढल्यावर लिफ्ट चालू झाली होती, नव्या बोर्डाने नाही.

म्हणून चेक फाडण्याआधी मेकॅनिकला समोर उभं राहून मीटर लावायला सांगा. लिफ्टची पॉवर पूर्ण बंद हवी. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे दोन तारांमध्ये साधारण 60 ओहम दिसायला हवेत. 120 आले तर तार तुटलीय किंवा एक रेझिस्टर सुटलाय. शून्याच्या आसपास आले तर शॉर्ट आहे: मजल्यांचे कनेक्टर एकेक करून काढायचे आणि कुठला काढल्यावर आकडा वर येतो ते बघायचं.

लिफ्ट ठरावीक दोन मजल्यांमध्येच अडकत असेल तर संशय ट्रॅव्हलिंग केबलवर (केबिनसोबत वर-खाली जाणाऱ्या लोंबत्या केबलवर) घ्या. रोज वाकून वाकून तिच्या आतली तार तुटते, वरून काहीच दिसत नाही. केबलमध्ये बहुधा रिकाम्या तारा असतात. त्यातली एक जोडी वापरली की काम भागतं.

पॅनलमधून मेंटेनन्स मोडवर लिफ्ट हळू वर-खाली जात असेल, तर ‘मेन बोर्ड पूर्ण जळला’ हे मान्य करू नका. पण ती चालवून दाखवायला कोणी दरवाजाच्या लॉकला जम्पर मारत (तार जोडून लॉक टाळत) असेल तर काम तिथेच थांबवा. दार उघडं असताना लिफ्ट हलली तर माणूस जातो.

कोटेशनसोबत एरर लॉगचा (लिफ्टने नोंदवलेल्या बिघाडांच्या यादीचा) फोटो घ्या. बोर्ड बदललाच तर जुना बोर्ड ताब्यात ठेवा आणि नव्याचा पासवर्ड लेखी मागा, नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या मेकॅनिकला सेटिंगच उघडता येणार नाही.